चेन्नईतील नववा डाव : मोहऱ्यांचा मेळ आणि घोड्याची एक चाल

बुद्धिबळात मोहऱ्यांच्या संख्येइतकाच त्यांचा आपसांतील मेळही महत्त्वाचा असतो. एकाने वाट अडवायची, दुसऱ्याने घर राखायचे आणि तिसऱ्याने मारा करायचा, अशी कामाची वाटणी झाली की साध्या प्याद्यालाही बळ येते. हा मेळ किती नाजूक असतो, हे २०१३ साली चेन्नईत झालेल्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीतील नवव्या डावावरून स्पष्ट होते.

चेन्नई हे विश्वनाथन आनंद यांचे शहर. तेथेच ते नॉर्वेच्या २२ वर्षीय मॅग्नस कार्लसन यांच्याविरुद्ध आपले विजेतेपद राखण्यासाठी खेळत होते. १२ डावांच्या लढतीत आठ डावांनंतर कार्लसन ५-३ असे आघाडीवर होते. त्यामुळे २१ नोव्हेंबर रोजी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आनंद यांना विजयाची नितांत गरज होती.

आनंद यांनी राजाच्या बाजूने चढाई केली. त्यांचे प्यादे एफ ६ वर आणि वजीर एच ६ वर पोहोचला. जी ७ वरील मात केवळ ई ८ वरील काळ्या घोड्यामुळे अडली होती. एफ ४ वरील हत्ती एच ४ वर गेला असता, तर एच ७ वर मात होणार होती. काळा राजा, वजीर, हत्ती, उंट व घोडा हे सारे शेवटच्या रांगेतच होते.

मात्र पांढरा वजीर व हत्ती चढाईवर गेल्याने मागचे बी १ हे घर उघडे पडले होते. २७ व्या चालीला कार्लसन यांचे प्यादे तेथे पोहोचून वजीर बनले आणि आनंद यांच्या राजाला शह बसला.

हा शह उंट एफ १ वर आणून अडविता आला असता. तसे झाल्यास जी ३ वरील घोडा जागीच राहिला असता. मात टाळण्यासाठी काळ्याला नवा वजीर डी १ मार्गे एच ५ वर आणून त्याच घोड्याच्या तोंडी द्यावा लागला असता आणि डाव पुढे चालू राहिला असता.

आनंद यांनी उंटाऐवजी घोडाच एफ १ वर नेला. ई १ पासून एच ४ पर्यंतची तिरपी रेषा आतापर्यंत याच घोड्याने अडविली होती. ती मोकळी होताच कार्लसन यांनी नवा वजीर ई १ वर नेला. आता हत्ती एच ४ वर जाताच मारला जाणार होता. चढाईचा आधारच गेल्याने आनंद यांनी २८ व्या चालीनंतर डाव सोडला.

दुसऱ्या दिवशी दहावा डाव बरोबरीत सुटला आणि कार्लसन ६.५-३.५ अशा गुणांनी विजेते ठरले.

नवोदित खेळाडूंसाठी यातील बोध सरळ आहे. मोहरा कोठे जाणार, याबरोबरच तो सध्याच्या घरावरून कोणते काम करीत आहे, हेही चाल करण्यापूर्वी तपासले पाहिजे.