पूर ओसरल्यावर नुकसान मोजतात कसं?

जुलै २०२१ च्या महापुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि अनेकांना तोच नुकसानीचा आकडा वाटला. त्यात मदतीसाठी १,५०० कोटीच होते. ३,००० कोटी पुनर्बांधणीला आणि ७,००० कोटी पुढचा पूर सुसह्य व्हावा यासाठीच्या कामांना. पॅकेज वेगळं, नुकसान वेगळं.

शहरात पहिला प्रश्न असतो, पाणी किती चढलं? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. दुकानात गुडघाभर पाणी आलं तर खालच्या फळीवरचा माल जातो. छातीभर आलं तर माल, फर्निचर, वायरिंग, सगळंच. म्हणून अभ्यासक पाण्याची उंची आणि होणारं नुकसान यांचं कोष्टक करतात आणि त्यावरून अख्ख्या पेठेचा अंदाज काढतात. पाच वर्षं वापरलेल्या फ्रीजला नव्याचा भाव धरत नाहीत.

पंचनाम्याचं गणित निराळं, तो मदतीसाठी असतो. २०२१ मध्ये दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये ठरले होते. समजा चार लाखांचा माल भिजला, तरी हातात ५० हजारच. वाटलेल्या मदतीची बेरीज म्हणजे शहराचं नुकसान, असं धरलं तर आकडा कमीच येणार.

खरी गोम पुढे आहे. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, कोल्हापूर भागातलं दूध संकलन ठप्प झालं. ज्या गावात पाण्याचा थेंब शिरला नाही, तिथलंही दूध घरातच राहिलं. शहरात रोजंदारीला जाणाऱ्याचा हजेरीचा पैसा बुडाला. पण भिजलेलं काही दाखवायला नाही, मग पंचनामा कशाचा करणार? हे नुकसान बहुतेक वेळा मोजणीतच येत नाही.

उलटी चूकही होते. दुकानदाराने उधारीवर आणलेला माल वाहून गेला, तर तो त्याच्याही खात्यात लागतो आणि ठोक व्यापाऱ्याच्या बुडीत रकमेतही. एकच माल दोनदा मोजला जातो.

म्हणून भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी तारखेसह फोटो काढावा. विमा असेल तर भिजलेला माल फेकण्याआधी कंपनीला कळवावं. मालाची बिलं मोबाईलमध्ये ठेवावीत, आणि दूध न गेलेल्या दिवसांची नोंद डेअरीच्या पुस्तकात करून घ्यावी.