पुनर्जन्म, पण डॉक्टरांच्या हातून

सावरगाव आणि पांढुर्ण्यामधल्या जाम नदीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. दगडांच्या माऱ्यात जीव गेलेल्या प्रेमी जोडप्याची दंतकथा त्यामागे सांगतात. अशा जोडप्याला हिंदी सिनेमा पुन्हा जन्माला घालतो. 'मधुमती'ने १९५८ साली तेच केलं.

आनंद गांधींच्या 'शिप ऑफ थिसियस'मध्ये (२०१२) मात्र आत्मा नाही, अवयव देह बदलतात. त्यातला साधू मैत्रेय प्राण्यांवरच्या चाचण्यांविरुद्ध कोर्टात लढतो. यकृत निकामी होत असतानाही औषधं नाकारतो. चार्वाक नावाचा तरुण वकील त्याच्याशी हुज्जत घालतो. मैत्रेय साकारणाऱ्या, खाटेवरच्या नीरज कबींची हाडं दिसू लागतात, तेव्हा ही चर्चा पुस्तकी राहत नाही.

शेवटी मैत्रेय प्रत्यारोपणाला तयार होतो. हा पराभव की शहाणपण, हे दिग्दर्शक सांगत नाही, बरंच करतो.