चष्म्याच्या बदल्यात काय?

नाव मोठं गोड होतं, रेनड्रॉप. दोन मिलिमीटर व्यासाची, पाणी धरून ठेवणाऱ्या हायड्रोजेलची चकती. बुबुळावरचं जे पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, त्याचा पातळ पापुद्रा लेसरने उचलायचा, खाली चकती ठेवायची आणि पापुद्रा परत बसवायचा. मधला भाग किंचित फुगीर होतो आणि औषधाच्या पट्टीवरची बारीक तारीख वाचता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तिला मान्यता दिली. दोनच वर्षांत त्याच प्रशासनाला ‘ही बसवू नका’ असं डॉक्टरांना बजावावं लागलं. चकती बसवलेल्या अनेकांचा कॉर्निया धुरकट होत होता. चकती काढता येत होती, पण धुरकटपणा प्रत्येकाचाच गेला असं नाही.

वाचायच्या चष्म्यापासून सुटका म्हणून निघालेल्या शस्त्रक्रियांमध्ये हे एकच प्रकरण नाही. अशा बऱ्याच शस्त्रक्रिया गाजावाजात आल्या आणि गुपचूप गेल्या. कारण मूळ दुखण्यातच आहे. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचीक असतं. भोवतीचा स्नायू आवळला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडलं. लहान मुलाच्या डोळ्यात ही ताकद दहा-बारा डायॉप्टर असते, पंचावन्नाव्या वर्षी जेमतेम एक उरते. स्नायू बऱ्यापैकी काम करत असतो, पण भिंगच कडक झालेलं असतं. त्यामुळे डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामांनी हा चष्मा जात नाही, मोबाइलवर कितीही व्हिडिओ फिरोत. आणि त्या भिंगाला पुन्हा मऊ करणारी, रोजच्या वापरातली शस्त्रक्रिया आजही नाही. आहे ती सगळी पळवाट, आणि प्रत्येक पळवाटेवर काहीतरी मोजावं लागतं.

त्यातल्या त्यात प्रामाणिक पळवाट म्हणजे मोनोव्हिजन. लेसिकने एक डोळा दूरसाठी ठेवायचा आणि दुसऱ्यात मुद्दाम सव्वा-दीड मायनस नंबर सोडायचा. हवं ते चित्र मेंदू निवडतो. बहुतेकांना सवय होते, काहींना कधीच होत नाही, आणि खोलीचा अंदाज थोडा कमी होतो तो सगळ्यांचाच. तरीही मला हा मार्ग पटतो, कारण कॉन्टॅक्ट लेन्स लावून तो आधी काही दिवस जगून पाहता येतो. सुरी लागण्याआधी तालीम करायची सोय इतर मार्गांत जवळपास नाही.

रेनड्रॉपच्या वर्षभर आधी, २०१५ मध्ये, अमेरिकेत मान्यता मिळालेली काम्रा ही चकती वेगळ्या तत्त्वावर बेतलेली होती. ३.८ मिलिमीटरची काळी कडी, मधोमध १.६ मिलिमीटरचं भोक. चष्मा सापडेना झाला की आपण मुठीच्या फटीतून अक्षरं बघतो, तेच हे. बारीक छिद्रातून आलेले किरण कमी विखुरतात आणि जवळचं-दूरचं दोन्ही बरंच स्पष्ट दिसतं. पण छिद्र बारीक म्हणजे प्रकाशही कमी. काम्रा मागे पडली, मात्र हेच छिद्र आता मोतीबिंदूनंतर बसवायच्या एका लेन्समध्ये आलं आहे.

खरी उलाढाल आज लेन्सचीच आहे. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तेव्हा मोतीबिंदू काढलेल्याला दिसावं एवढाच हेतू होता. आता ट्रायफोकल लेन्सवर सूक्ष्म वर्तुळं कोरलेली असतात. ती आलेला प्रकाश दूर, मधलं आणि जवळचं अशा तीन अंतरांसाठी वाटतात. वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. मंद उजेडात रंगांचा उठाव घटतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती खळं दिसतं. पुस्तकात रमणाऱ्या गृहस्थाला ते चालेल, रात्रपाळीच्या चालकाला नाही. मोतीबिंदू असेल तर लेन्स बदलायचीच आहे, तेव्हा हा पर्याय विचारात घेणं रास्त. पण धड दिसणारं, स्वच्छ भिंग केवळ चष्म्याच्या कंटाळ्यापोटी काढून टाकणं मला धाडसाचं वाटतं. मोठा मायनस नंबर असलेल्या तरुण डोळ्यात अशा शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्याचा धोका वाढतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. आसाममधल्या चाळिशी ओलांडलेल्या चहा-मजुरांना साधे वाचायचे चष्मे दिले, तेव्हा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं खुडण्याची उत्पादकता वीस टक्क्यांहून जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरी शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर मायनस दोन-अडीच नंबरवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. चष्मा काढून पेपर वाचायची त्यांची सोय फुकटची आहे. पंचेचाळिशीत लेसिकने दूरचा नंबर पुरता घालवला, तर वाचायचा चष्मा लगेच लागेल. आणि लेसर केलंच, तर आधीच्या तपासण्यांची फाइल जपून ठेवावी. वीसेक वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा लेन्सचा नंबर काढताना, आकार बदललेल्या कॉर्नियामुळे नेहमीचं गणित चुकतं. त्या वेळी डॉक्टरांना हे जुने आकडे उपयोगी पडतात.