डबीवरचे चौदा आकडे

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाणाच्या ताटाशेजारी आमच्या डोंबिवलीच्या मंडळातल्या एका वहिनींनी पिशवी उघडली आणि एकेक डबी बाहेर काढली. "भाच्यानं अमेरिकेहून आणल्यात हो. साखरेवर अगदी रामबाण!" डबी पंधराशेची. ओळखीच्या बाईकडे बिल कसं मागायचं? मीही एक घेतली, कल्याणच्या थोरल्या वन्संसाठी.

तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. वन्संना चक्कर येऊन दवाखान्यात ठेवलं होतं, साखर चारशेच्या घरात! डबी आल्यापासून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्याच बंद केल्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "अगं, तूच म्हणालीस ना, रामबाण आहे म्हणून?"

मैत्रिणींनो, मान खाली गेली माझी. घरी येऊन ती डबी पहिल्यांदा नीट वाचली. भारतात कुणी मागवली त्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवान्याचा नंबर नाही. मग ठाण्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत जाऊन चौकशी केली आणि डोळेच उघडले.

अशा आहारपूरक गोळ्या-पावडरी औषध नव्हेत, कायद्याच्या दृष्टीने ते अन्न आहे. त्यांना २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू होतो. शिवाय त्यांच्यासाठी २०१६ साली वेगळे नियम झाले. डबीवर 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द, रोज किती घ्यायचं ते प्रमाण आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना छापलेली हवी. म्हणजे 'रामबाण' हा शब्द तिथेच बाद! मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

परदेशी मालाचं आणखी वेगळं. मुलाने आईपुरती एखादी डबी बॅगेतून आणली तर गोष्ट निराळी. पण विकायला आणायची, तर आयात-निर्यातीचा कोड आणि अन्न प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना लागतो. न्हावाशेवासारख्या बंदरात माल उतरला की कागद तपासतात, गरज पडली तर नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि 'हरकत नाही' असा दाखला मिळाल्यावरच तो बाजारात येतो. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक डबीवर लागतो. घरून विकणाऱ्या बाईलाही नोंदणी चुकत नाही.

हे सगळं वहिनींना सांगितलं तेव्हा त्या भडकल्या. "चार पैसे मिळवतेय ते बघवत नाही का?" दोन महिने अबोला! त्यांचंही खरं होतं. यजमानांची नोकरी गेलेली, आठ हजार त्या डब्यांत अडकलेले. शेवटी एके दिवशी स्वतःच आल्या. उरलेल्या डब्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "माझ्या आईलासुद्धा मी हीच देत होते हो." आता ज्यांना डब्या विकल्या, त्यांना फोन करण्याचं काम आम्ही दोघी मिळून करतोय. सात जणींशी बोलणं झालं, त्यातल्या दोघींनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या.

'आमच्या कंपनीत सामील व्हा, डबे खपवा' म्हणणारेही दारात येतात. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे त्यांना प्रवेश फी घेता येत नाही, नुसती माणसं जोडण्याचे पैसे देता येत नाहीत, आणि विक्रेत्याजवळ ओळखपत्र असावं लागतं. फी मागितली की समजा, दाल में कुछ काला है!

तेव्हा डबी हातात आली की चौदा आकडे शोधा, आयातदाराचं नाव आणि मुदतीची तारीख बघा, बिल मागा. फसगत झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि डॉक्टरांची गोळी त्यांना विचारल्याशिवाय कधीच बंद करू नका.

वन्संची साखर आता आटोक्यात आहे. मी काही घेऊन गेले की त्या आधी चष्मा लावतात आणि हसत विचारतात, "नंबर आहे ना गं यावर?"