मुंबईचा पहिला पावसाळा

श्रोतेहो, दादर, परळ, लालबाग किंवा गिरगांव येथें ज्यांनीं नुकतेंच बिऱ्हाड केलें आहे, त्यांच्याशीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. पाऊस सर्वांनींच पाहिलेला असतो; परंतु मुंबईच्या पावसाचें निम्में बळ समुद्रांत आहे, हें नवागतानें प्रथम ध्यानीं घ्यावें.

ही नगरी मूळची सात बेटांची. मधल्या खाड्या व दलदली बुजवून ती एकसंध झाली. तथापि कित्येक भाग सखलच राहिले. दादर-परळमधील हिंदमाताचा परिसर तर बशीसारखा खोलगट आहे. पावसाचें पाणी गटारांतून समुद्रास मिळतें. पण मोठी भरती आली कीं समुद्र गटारांच्या मुखांहून उंच होतो आणि पाणी मागें तुंबतें. जुनीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोहि ओहोटी असतांना, वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं. २००५ नंतर त्यांची शक्ति वाढविण्याच्या कामास वेग आला. हाजी अली व वरळी येथें पंप बसले, हिंदमाताच्या पाण्यासाठीं जमिनीखालीं टाक्या झाल्या. तरीहि मुसळधार पाऊस व मोठी भरती एकत्र आल्यास धोका उरतोच.

म्हणून पहिली तयारी भरतीच्या वेळापत्रकाची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्रास उधाण येतें. साडेचार मीटरांहून उंच भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वींच जाहीर होतात. ते दिनदर्शिकेवर खुणावून ठेवावे. त्या दिवशीं हवामान खात्यानें नारिंगी किंवा लाल इशारा दिला असल्यास टाळतां येणारा प्रवास टाळावा.

दुसरें असें कीं, आपल्या खिडकींतील आकाशावरून साऱ्या शहराचा अंदाज बांधूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसानें सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटरांची नोंद झाली. त्याच अवधींत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पडला. गिरगांवांत रस्ते कोरडे दिसले म्हणून उपनगरांतील मंडळींस घरीं निघण्याचा आग्रह करणें घातक ठरूं शकतें.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. अरबी समुद्रांतील चक्रीवादळें बहुधा पावसाळ्याच्या आगेमागें उठतात. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलें, तेव्हां कुलाब्यास वाऱ्यानें ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. ५ ऑगस्ट २०२० रोजीं तर चक्रीवादळ नसतांहि वारा तितकाच सुटला होता. यास्तव मे महिन्यांतच सज्जांतील कुंड्या व सैल पत्रे काढून घ्यावे, आणि वादळांत झाडाखालीं उभें राहूं नये.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं धान्य, पुस्तकें व महत्त्वाचे कागद माळ्यावर चढवावे. पिण्याचें पाणी, विजेरी व नेहमींचीं औषधें हाताशीं असावीं. घरांत पाणी शिरूं लागतांच, कोरड्या जागीं उभें राहून विजेचें मुख्य बटण बंद करावें. जुन्या चाळींत भिंतीस नवी भेग पडली, गिलावा गळूं लागला किंवा दार एकाएकीं चौकटींत अडकूं लागलें, तर पावसाळा सरण्याची वाट पाहूं नये. तत्काळ तक्रार करावी. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र गुडघाभर पाण्यांतून घरीं जाण्याच्या घाईंत असतो. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं परळ-प्रभादेवीच्या टापूंत एक नामांकित डॉक्टर घरीं परतत असतां तुंबलेल्या पाण्याखालील उघड्या गटारांत पडले व प्राणांस मुकले. गढूळ पाण्यांत विद्वानासहि रस्ता दिसत नाहीं. शिवाय त्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होते. पाण्यांतून चालणें घडलेंच असल्यास तीन दिवसांच्या आंत वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तेव्हां पावसाळ्यापूर्वीं घरांत एक ठराव करावा: पाणी भरलें तर ज्यानें त्यानें आहे तेथेंच, शाळेंत, कचेरींत वा स्नेह्याकडे, थांबावें; आणि घरच्यांनींहि ‘लवकर ये’ असा निरोप धाडूं नये. भरती सुमारें सहा तासांनीं ओसरते, आणि पाऊस थांबला असल्यास पाण्यासहि वाट मिळते. तेवढे तास धीर धरणें, ही मुंबईच्या पावसाळ्याची खरी तयारी होय.