सरकता मोबाइल फोन : एका यंत्ररचनेचा विचार

कोणत्याही यंत्राच्या बाह्य आकारावरून त्याच्या प्रयोजनाविषयी काही अंदाज बांधता येतो. घड्याळाची तबकडी कशासाठी आहे किंवा हार्मोनियमचा भाता काय करतो, हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु एकाच यंत्राकडून परस्परभिन्न अशी अनेक कामे करून घ्यावयाची झाल्यास त्याचा आकार कोणत्या कामास अनुसरून ठरवावा, असा प्रश्न उत्पन्न होतो. मोबाइल फोनच्या बाबतीत हा प्रश्न २००० नंतरच्या दशकात विशेष तीव्रतेने उभा राहिला. त्यास मिळालेले एक कल्पक उत्तर म्हणजे फिनलंडमधील नोकिया कंपनीचा ‘एन ९५’ हा सरकता फोन होय. त्याच्या रचनेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ अडचण ध्यानात घेतली पाहिजे. केवळ संभाषणासाठी असलेल्या फोनास दहा अंकांच्या व दोन चिन्हांच्या मिळून बारा कळा पुरेशा होत. संदेश लिहिण्याचे कामही याच कळांवर भागविले जाई. रोमन लिपीची २६ अक्षरे दोनपासून नऊपर्यंतच्या आठ कळांवर वाटून दिलेली असत; त्यामुळे सातच्या कळेवरील शेवटचे ‘एस’ हे अक्षर उमटविण्यास ती कळ चार वेळा दाबावी लागे. हे कष्टाचे असले तरी सवयीचे झाले होते. पुढे गाणी, छायाचित्रे व चित्रपट यांचा फोनमध्ये प्रवेश झाला आणि त्यांस मोठा पडदा हवासा वाटू लागला. खिशात मावणाऱ्या वस्तूचा दर्शनी भाग मर्यादितच असणार. पडदा वाढविला की कळांना जागा उरत नाही, आणि कळा राखल्या की पडदा लहान होतो.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे एका थराखाली दुसरा थर ठेवणे. शाळकरी मुलांच्या लाकडी पेन्सिल-पेटीचे झाकण जसे खाचेतून सरकते, तसाच फोनचा वरचा भाग खालच्या भागावरून सरकतो व एरवी झाकलेल्या कळा उघड्या पडतात. क्षेत्रफळाची उणीव येथे जाडीने भरून काढलेली असते. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. नोकियाच्याच १९९६ मधील ‘८११०’ या फोनला कळांवरून सरकणारे झाकण होते. मात्र तेथे केवळ झाकण सरके. नंतरच्या सरकत्या फोनांत पडदाच सरकू लागला. त्यामुळे दोन्ही भागांना जोडणारी विद्युत्-जोडणी वारंवार वाकूनही न तुटणारी, म्हणजे लवचिक पट्टीची, करणे भाग पडले.

सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर झालेल्या व मार्च २००७ मध्ये विक्रीस आलेल्या ‘एन ९५’चे वैशिष्ट्य असे की, तो दोन दिशांनी सरके. पडदा वर सरकविला असता अंकांच्या कळा दिसत व यंत्र फोन होई. तो खाली सरकविला असता वरच्या अंगास गाणे सुरू करण्याच्या, थांबविण्याच्या व मागेपुढे नेण्याच्या चार कळा दिसत, पडद्यावरील चित्र आडवे होई आणि तेच यंत्र मनोरंजनाचे साधन बने. दिशा बदलताच प्रयोजन बदले. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान शोधणाऱ्या भागाचा अँटेनाही अंककळांच्या बाजूस बसविलेला असल्यामुळे, स्थान पाहताना तो भाग उघडा ठेवणे इष्ट असे.

आता काही आकडे पाहू. या फोनची लांबी ९९, रुंदी ५३ व जाडी २१ मिलिमीटर, तर वजन १२० ग्रॅम होते. त्याचा कॅमेरा सुमारे ५० लक्ष बिंदूंचे चित्र टिपी, परंतु २.६ इंची पडद्यावर २४० गुणिले ३२०, म्हणजे अवघे ७६,८०० बिंदू होते. आपण टिपलेल्या चित्राचा सुमारे पासष्टावा हिस्सा तपशीलच हा फोन एका वेळी दाखवू शके. या विसंगतीमुळेच त्यास दूरचित्रवाणी संचाशी तारेने जोडण्याची सोय महत्त्वाची ठरली.

विजेचा हिशेबही असाच उद्बोधक आहे. मूळ बॅटरी ९५० मिलिअँपिअर-तास क्षमतेची होती; ३.७ व्होल्ट दाबाने गुणिल्यास तीत सुमारे साडेतीन वॉट-तास ऊर्जा साठते. सर्व भागांचा एकत्रित खर्च एक वॉट धरल्यास ती साडेतीन तासांत संपेल, दोन वॉट धरल्यास पावणेदोन तासांत. कामे वाढविणे सोपे, परंतु त्यांना पुरेल एवढी ऊर्जा खिशात बाळगणे अवघड, हे यावरून स्पष्ट होते. २००७ च्या उत्तरार्धात आलेल्या सुधारित आवृत्तीत १२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी व २.८ इंची पडदा देण्यात आला.

याच सुमारास मूळ प्रश्नास दुसरे उत्तर मिळाले. जून २००७ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपलच्या ‘आयफोन’ने कळांचा थरच काढून टाकला व स्पर्श ओळखणाऱ्या साडेतीन इंची पडद्यावर त्या चित्ररूपाने दाखविल्या. जाडी ११.६ मिलिमीटरांवर आली. गुणांची यादी केल्यास पहिला आयफोन उणाच ठरतो : त्याचा कॅमेरा २० लक्ष बिंदूंचा होता, त्यास चलच्चित्र टिपता येत नसे व तिसऱ्या पिढीच्या जाळ्याशी त्याचा संबंध नव्हता. तथापि एक मूलभूत भेद होता. धातूची वा प्लास्टिकची कळ कारखान्यात जे काम घेऊन येते, त्या कामाशी तिची जागा व आकार कायमचे बांधले जातात; पडद्यावरील कळ मात्र कामानुसार प्रकट होते व नाहीशीही होते. सरकत्या रचनेने दोन प्रयोजने उत्तम रीतीने सामावली. परंतु प्रयोजने शेकड्यांनी वाढली तेव्हा तितक्या दिशांनी सरकणार कोण?

म्हणून ती रचना निकृष्ट होती, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. कळांबरोबर स्पर्शाने मिळणारे ज्ञानही गेले. पाचच्या कळेवरील लहानशा उंचवट्यावरून बोटास इतर अंकांचा ठाव लागे. न पाहता संदेश लिहिणे शक्य होई. दृष्टिहीन व्यक्तींना तर गुळगुळीत काच ही भिंतच होती. २००९ च्या आयफोनमध्ये पडद्यावरील मजकूर बोलून दाखविण्याची सोय आली, तेव्हा त्या भिंतीस द्वार मिळाले. आणि तेही जाणीवपूर्वक प्रयत्न केल्यावर.

नोकियाचा फोन-व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. सरकते फोनही बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. परंतु जो आकार मागे पडला, त्याने कोणती गरज भागविली होती, हे तपासून पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. कारण आकार गेला म्हणून गरज गेली, असे होत नाही.