हाताने घडलेली सायकल (भाग ९) : सोनाराचा टाकणखार

हेडच्या कोनाविषयी या रविवारी लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण फैजपूरहून एक पत्र आलंय आणि त्याला लगेच उत्तर द्यायला हवं.

पत्र लिहिणाऱ्यांकडे आजोबांची काळी रॅले आहे, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली. केळीचे घड वाहण्यात तिचा जन्म गेला. आता खालच्या नळीला, हेडच्या लगला, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या पोलादी खोळीला, अगदी खेटून चीर पडली आहे. गावातला वेल्डर म्हणतो, ‘दहा मिनिटांचं काम, रॉड मारून देतो.’ मारू द्यावा का?

नको. निदान त्या जागी तरी नको.

या सायकलीचा सांधा कसा झालाय ते आठवा. नळी लगमध्ये सरकवलेली, आणि दोघांमधल्या फटीत पितळ उतरलेलं. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास जावं लागतं, ब्रेझिंगचं पितळ ९००ला पाणी होतं. म्हणजे सांधा करताना नळी लाल झाली, पण वितळली नाही. आता चिरेला खेटून तेच पितळ बसलेलं असताना तिथे आर्क पेटवला, तर काय होईल? पितळात जस्त असतं आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं. त्याची वाफ वेल्डमध्ये घुसते, वेल्ड सच्छिद्र होतो, आणि वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमधून शिरून नव्या चिरा पाडतं. वरून ग्राइंडर फिरवला, काळा रंग दिला की काम देखणं दिसतं. पुढच्या हंगामात घड लादले की चीर शेजारीच उघडते. अशा दुरुस्त केलेल्या आणि पुन्हा मोडलेल्या फ्रेम मी इतक्या पाहिल्या आहेत, की रॉड मारायचं नाव निघालं तरी मला थांबवावंसं वाटतं.

वेल्डिंग वाईट असं मी म्हणत नाही. सायकलीच्या नळ्या बनवणाऱ्या रेनॉल्ड्सची ८५३ नळी वेल्डिंग सोसणारीच आहे, सांधा हवेत निवताना ती उलट कडक होते. पण त्याच कंपनीची १९३५ची ५३१, जिच्यावर आपण दुसरा भाग घालवला, ती लग आणि पितळ किंवा चांदी यांच्यासाठीच होती. नळी कोणती ते आधी बघावं, मग आग पेटवावी.

मग फैजपुरात करायचं काय? आधी सोनाराकडे जा. सायकल घेऊन नव्हे, नुसतं बघायला. सोनार डाख कसा लावतो ते पाहा. टाकणखार लावतो, आच देतो. टाकणखार आधी पांढरा फुलतो, फेसासारखा वर येतो, मग बसतो आणि काचेसारखा नितळ होतो. तो नितळ झाला की सोनार थांबत नाही, डाख त्याच क्षणी धावतो. फ्रेम करणाऱ्याचं काम अगदी हेच. सोन्याच्या जागी पोलाद, बांगडीच्या जागी लग. टाकणखार पोलादावर गंज धरू देत नाही, आणि पितळ केशाकर्षणाने फटीत ओढलं जातं. कांडी एका कडेला टेकवायची, आच दुसऱ्या कडेला न्यायची, की पितळ आचेमागे चालत जातं. लगच्या पलीकडच्या कडेला पिवळी रेघ उमटते तो क्षण मला आजही पहिल्या दिवसाइतकाच आवडतो. चांदीच्या डाखाने हेच काम साडेसहाशे अंशांच्या आसपास होतं, पण तिथे फट दहा-पंधरा शतांश मिलिमीटरच्या आत हवी. म्हणून नळीचं टोक कानशीनं घासण्यात अर्धा दिवस जातो.

हे काम उन्हात करू नका. खान्देशातल्या उन्हात पोलादाचा लाल रंग डोळ्यांना दिसतच नाही, आणि मग माणूस आच वाढवत जातो. पांढरा धूर निघाला म्हणजे जस्त जळू लागलं. तो धूर छातीत घेऊ नये, आणि तो निघाला तर आच जास्त झाली असं समजावं. माझा पहिला सांधा असाच भर दुपारी जळला. टाकणखार काळा पडला होता आणि पितळ मण्यांसारखं वर तरंगत राहिलं होतं.

गॅसचं म्हणाल, तर तुमच्या भागाला तो परका नाही. केळी पिकवायला चोरून वापरतात ते कार्बाइड पाण्यात टाकलं की जो वायू निघतो तोच ॲसिटिलीन, गॅस वेल्डिंगचा. केळीसाठी त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण जुन्या गॅसवाल्यांकडे त्याच खड्यांवर चालणारी पिंपं असायची. सिलिंडरवर ‘पितळी वेल्डिंग’ करून देणारा माणूस अजून शोधला तर सापडतो. त्याच्याकडून खालची नळी बदलून घ्या. दोन्ही टोकांचे लग तापवून जुनी नळी ओढून काढायची. ब्रेझिंगआधी नळी हलू नये म्हणून कारखान्यात बहुधा बारीक पिन ठोकलेली असते, ती आधी ड्रिलने काढा, नाहीतर नळी निघत नाही आणि लग फाटतो.

फैजपूर म्हटलं की मला १९३६चं काँग्रेस अधिवेशन आठवतं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी तिथली उभारणी बांबू, चटया अशा साध्या सामानातून केली होती. सायकलीची फ्रेमही तशीच उभी राहू शकते. सोनाराचा टाकणखार, गॅसवाल्याची आच, फिटरची अर्धगोल कानस आणि चांगली नळी. यातली नळी तेवढी बाहेरून आणावी लागेल, बाकी सगळं फैजपूर-सावद्याच्या बाजारात आजही आहे. एखाद्या तरुण फिटरने हे मनावर घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे. तोवर जुने सांधे जवळून बघायचे असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे.

पत्रलेखकांना एक काम. नळी बदलण्याआधी फ्रेम सरळ आहे का ते तपासा. मागचं चाक काढा. एक बारीक दोरा मागच्या एका टोकाला, जिथे आस बसतो तिथे, बांधा. तो पुढे हेडच्या नळीला वळसा घालून मागच्या दुसऱ्या टोकाला आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मिलिमीटरभराचा फरक चालेल. तीन-चार मिलिमीटर निघाला तर फ्रेम वाकली आहे, आणि आधी ती सरळ करावी लागेल. दोन्ही मापं लिहून कळवा, म्हणजे पुढच्या रविवारी हेडच्या कोनाबरोबर तीही घेतो.